तीन नंबरच्या पेटीवरची चाल

हे सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही. देवासमोर तर मुळीच नाही, कारण माझी चोरी त्याच्याच गाण्यात दडलेली होती. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरंच आहे.

रत्नागिरीत माझं नाव ज्या एका चालीमुळे आहे, ती चाल मी बांधलेली नाही. ती एका तेरा वर्षांच्या मुलीची आहे. मी ती उचलली.

बघा, दोन ओळींत झालं. मग इतकी वर्षं कशाला अडलं होतं? — कारण चोरी हा यातला सर्वांत लहान भाग आहे. चोरी एका दुपारी झाली. बाकीचं मी सावकाश केलं, शुद्धीत केलं, आणि गेल्या महिन्यापर्यंत करत होतो.

माझा पेटीचा क्लास आहे. मारुती मंदिराच्या मागच्या बाजूला, घराच्या ओटीवरच. वय छप्पन्न. सात पेट्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेले. एक नंबरची माझी, तिला कुणी हात लावायचा नाही. तीन नंबरची सगळ्यांत वाईट — तिच्या मधल्या सप्तकातला पंचम मुका होता. सा रे ग म प, त्यातला प. पट्टी दाबली की नुसती हवा बाहेर पडायची, फस्स करून. सगळ्यांना मी सा एकाच पट्टीवर, पांढरी एकवर, धरायला शिकवतो, त्यामुळे त्या पेटीवर बसणाऱ्याला मधला पंचम मिळायचाच नाही. आतली रीड, म्हणजे सूर देणारी पितळी पात, बदलायला अर्धा तास लागतो. मला ते काम येतं. मी केलं नाही. जी मुलं मला नकोशी वाटत, त्यांना मी त्या पेटीवर बसवायचो. हे मी कधी ठरवून केलं असं नाही, पण हिशेब कधी चुकलाही नाही.

नाझिया दहाव्या वर्षी आली. राजिवड्याची. वडील आखातात टगबोटीवर, दोन वर्षांतून एकदा घरी. आई, जैनबभाभी, तिला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "सर, ही घरातलं एक भांडं धड ठेवत नाही. प्रत्येक पातेल्यावर चमचा मारून बघते. तुम्हीच काय ते करा हिचं." मी हसलो. तीन नंबर दाखवली.

साडेतीन वर्षं ती त्या पेटीवर बसली. एकदाही तक्रार केली नाही. मला ती का आवडत नसे? — सांगतो. पहिल्याच वर्षी, भर वर्गात, ती म्हणाली, "सर, तुमच्या पेटीचा धैवत थोडा चढलाय." अगदी साधेपणाने म्हणाली, पावसात वाळत घातलेले कपडे भिजतायत म्हणून सांगावं तसं. मी तिला गप्प बसवलं. रात्री पेटी उघडून बघितली. धैवत चढलेला होता. पंचवीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या माझ्या कानाला ते कळलं नव्हतं.

आणि तिचा तो डावा हात. पेटीवर डाव्या हाताने भाता मारायचा असतो, वाजवायचं उजव्याने. ही पोरगी भाता दोनदा जोरात मारून पेटीत हवा भरायची आणि तेवढ्या वेळात डावा हात पट्ट्यांवर आणायची. दोन सूर, तीन सूर एकदम. मी फूटपट्टीने मारायचो. बोटांच्या पेरांवर. "सुरांत भांडणं लावतेस काय गं?" तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "भांडत नाहीत सर, बोलतात." पोरं हसली. मी आणखी एक दिली.

आता त्या दुपारकडे येतो. येतोच आहे — थोडं थांबा. आधी मला दत्तारामबद्दल सांगायला हवं.

दत्ताराम पावसच्या बाजूचा शाहीर. गौरी-गणपतीत गावोगाव जाखडी होते ना — एका पायात घुंगरू बांधून, गोल धरून पोरं नाचतात, मध्ये शाहीर आणि वाजवणारे — तसं त्याचं मंडळ. त्याच्या गाण्यांना चाली मी द्यायचो. आमच्यात रीत अशी की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घालायचं. शब्द शाहिराचे असोत, सूर कुणाचा असो, नाव गुरूचं. वीस वर्षं त्या कडव्यात माझं नाव होतं. पण शेवटची दोन वर्षं मला काही सुचत नव्हतं. जुन्याच चाली उलट्यासुलट्या करून देत होतो. आदल्या वर्षी समोरासमोरच्या बारीत, म्हणजे सवाल-जवाबाच्या सामन्यात, दुसऱ्या मंडळाच्या शाहिराने मला भर मांडवात टोमणा हाणला — "गुरू तुमचा म्हातारा झाला, उष्ट्या चालींवर जगू लागला!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. दत्तारामने मान खाली घातली. घरी येताना तो म्हणाला, "सर, यंदा काय तरी नवीन द्या हां." तो असं कधी म्हणत नसे.

म्हणून त्या वर्षी आषाढात मी रोज पेटी घेऊन बसत होतो आणि रोज रिकामा उठत होतो.

त्या दुपारी मी आतल्या खोलीत चहा पीत होतो. शाळा सुटली की नाझिया थेट यायची, वर्ग सुरू व्हायला वेळ असायचा. बाहेर ती एकटीच वाजवत होती. काय वाजवत होती? मला नाव देता येईना. सूर वर चढत मध्यमापर्यंत यायचा आणि तिथून एक पायरी गाळून एकदम धैवतावर. उतरतानाही तसंच. पायरी चुकल्यासारखं व्हायचं आणि मग सूर खाली, अगदी खालच्या पंचमावर जाऊन बसायचा. चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. तिने ती चाल चार वेळा वाजवली. चौथ्या वेळी माझी पाठ झाली होती.

मी बाहेर गेलो नाही. "कुठून शिकलीस?" असं विचारलं नाही. विचारलं असतं, तर ती म्हणाली असती की मीच बांधली, आणि मग मला ते माहीत झालं असतं. कळतंय ना तुम्हाला? मी माहीत करून न घेण्याची काळजी घेतली.

त्याच रात्री एक नंबरच्या पेटीवर ती चाल काढली. तो खालचा पंचम मी काढून टाकला. मधला पंचम नाही, मग खालचा तरी कशाला? सूर गाळला की सगळ्या सप्तकांत गाळायचा, हा नियम. चार दिवसांनी दत्ताराम आला. मी वाजवून दाखवली. तो रडला हो. "सर," म्हणाला, "आता बघा." त्याने त्यावर गणपतीच्या निरोपाचं गाणं रचलं आणि शेवटच्या कडव्यात माझं नाव घातलं, नेहमीपेक्षा एक ओळ जास्त.

त्या सणात ते गाणं कुठे कुठे गेलं! विसर्जनाच्या मिरवणुकीत बँजोवर वाजलं, शाळांच्या स्नेहसंमेलनात वाजलं. पुढल्या वर्षी मुंबईहून आलेले चाकरमानी ते मोबाईलवर घेऊन परत गेले. भाजी घ्यायला गेलो तरी लोक ओळखू लागले. एका सत्कारात मला विचारलं, या चालीत पंचम का नाही? मी माइकसमोर म्हणालो — आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो — "पंचम मी मुद्दाम वर्ज्य केला. देवाला निरोप देताना गळ्यात आवंढा येतो, एक सूर फुटत नाही, तो हा पंचम." टाळ्या पडल्या. पंचम नव्हता, कारण मी रीड बदलली नव्हती. एक मूल माझ्या आळसाला वळसा घालून गेलं होतं, आणि त्या वळशाचा अर्थ मी लोकांना समजावत होतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या गणपतीनंतरच्या पहिल्याच वर्गाचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — मीच पुढे ढकलतोय.

नाझिया धावत आली. चपला उंबऱ्यात कशाही टाकल्या. तिचा चेहरा — मला वाटलं भांडायला आली असेल. भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. ती आनंदाने फुलून आली होती. "सर! सर, ती माझी चाल! आमच्या गल्लीतून मिरवणूक गेली, त्यात वाजत होती! तुम्ही ऐकली होतीत का माझी?"

तिला मान वाटला होता. सरांनी माझी चाल घेतली, याचा मान.

वर्गात बारा-तेरा मुलं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. मला एक क्षण मिळाला होता. तेवढ्यात मी "हो गं, तुझीच" म्हणालो असतो, तर काय झालं असतं? दत्ताराम थोडा हिरमुसला असता. शेवटच्या कडव्यात एक नाव वाढलं असतं. एवढंच.

मी हसलो. मोठ्याने. आणि म्हणालो, "गणपतीच्या गाण्याची चाल — आणि तुझी?"

एवढंच म्हणालो. पुढचं म्हणायची गरज नव्हती. मुलांना कळलं. तेरा वर्षांच्या मुलांना सगळं कळतं. एक हसला, मग सगळे हसले. तिला कळायला थोडा वेळ लागला. ती आधी हसणाऱ्यांकडे बघत होती, काय गंमत झाली म्हणून. मग कळलं. त्या घडीपर्यंत माझ्या ओटीवर ती कोण आहे, कुठल्या मोहल्ल्यातली आहे, हा प्रश्न कधी आला नव्हता. तो मी आणला. ते हत्यार कामाला येईल हे मला माहीत होतं, म्हणूनच उचललं. मी तसल्या विचारांचा माणूस नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. मग कसल्या विचारांचा होतो?

आणि तरीही मी थांबलो नाही. तिला उभं केलं. पेटीवर हात ठेवायला लावला. आमच्यात वाद्याची शपथ मोठी. म्हणालो, "वर्गाला सांग, चाल कुणाची." ती पट्ट्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरांची." मी म्हणालो, "ऐकू नाही आलं." ती पुन्हा म्हणाली.

संध्याकाळी जैनबभाभी आली. हातात डबा. मला वाटलं, आता ही बोलणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती ओटीवर चढलीच नाही, खालूनच म्हणाली, "सर, पोर लहान आहे. काहीतरी बरळली. गणपतीच्या गाण्यावर आम्ही कशाला आमचं नाव सांगू? तुमचंच आहे. बाहेर कुणाजवळ बोलू नका हां, सर. हिचे वडील इथे नाहीत, आम्ही दोघीच असतो."

ती माझी माफी मागायला आली होती. ती घाबरली होती, आणि कशाला, हे मला नेमकं ठाऊक होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या भाभी, मी मनावर घेत नाही." डबा घेतला. सांदणं होती, गूळ-खोबऱ्याची. बायकोने पुन्हा वाफ देऊन ताटात वाढली. मी खाल्ली. चांगली झाली होती.

पुढच्या महिन्यात नाझियाने क्लास सोडला. दहावीनंतर मुंबईला आत्याकडे गेली. तिथे पियानो शिकते, असं कुणीतरी सांगितलं. मला बरं वाटलं — दूर गेली याचं.

आता गेल्या महिन्याचं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, त्याचं आता मेडिकलचं दुकान आहे, मोबाईलवर लिंक पाठवली. "सर, ही आपली नाझिया! जॅझ पियानिस्ट झालीय, पहिला अल्बम आला. आणि तिसरं गाणं ऐका, तुमचीच चाल!!" जॅझमधलं मला काही कळत नाही. आठ रचना होत्या, सगळ्या तिच्या. पियानो, एक उभा भलामोठा बास आणि ड्रम, तिघंच वाजवणारे. तिसरीचं नाव होतं 'तीन नंबरची पेटी'. खाली एक ओळ — "जिच्यावर मी सूर शोधायला शिकले, तिच्यासाठी." माझं नाव कुठे नव्हतं. मला दोषही दिलेला नव्हता.

कानात इयरफोनची बोंडं घालून ओटीवरच ऐकलं. दोन हातांनी वाजवत होती ती. डावा हात अडवायला तिथे कुणी नव्हतं. चाल तीच. मध्यमावरून थेट धैवत. आणि मी जो कापला होता, तो खालचा पंचम जागच्या जागी. एवढा मोठा पियानो, सगळ्या पट्ट्या जिवंत, तरी मधला पंचम तिने एकदाही दाबला नाही. त्या जागेवर आलं की तिघंही थांबत आणि ड्रमवाला ब्रशने कातड्यावर नुसतं घासायचा — फस्स. हवा बाहेर पडते तसं. हा आवाज ओळखणारी दोनच माणसं जगात होती, त्यांतला मी एक.

मी काय केलं असेल? रडलो? नाही. मला राग आला. चौदा वर्षं गप्प होती, तशी गप्प राहायला काय झालं होतं हिला?

दोन दिवसांत गावातल्या ग्रुपांवर सुरू झालं. आमच्या बाप्पाच्या गाण्याची चाल चोरली. सरांचं नावही टाकलं नाही. ह्यांना आमचंच बरं सापडतं. एका स्थानिक पेपरातल्या पोराचा मला फोन आला. त्याला मी म्हणालो — शब्दशः सांगतो, कारण ते छापून आलं — "शिष्याने गुरूचं घेतलं तर गुरूने काय तक्रार करायची? मी तिला मोठ्या मनाने माफ केलं आहे."

चोरी माझी, आणि माफही मीच करत होतो.

त्या छापलेल्या ओळीने जे व्हायचं ते झालं. अल्बमचा पहिला कार्यक्रम नाझियाने रत्नागिरीत ठरवला होता. जैनबभाभीचे गुडघे गेलेत, मुंबईपर्यंतचा प्रवास होत नाही. आईने समोर बसून ऐकावं म्हणून ती टेम्पोतून पियानो इथे आणणार होती. तिकिटं विकली जात होती. आयोजकांनी 'वातावरण बघता' कार्यक्रम रद्द केला. राजिवड्यात तिच्या आईच्या घरासमोरून पोरं मोटारसायकलवर स्पीकर लावून तेच गाणं वाजवत जायची, दिवसातून चार-चार वेळा. शेवटच्या कडव्याला, माझ्या नावाला, आवाज वाढवायची. हे मला बाजारात कळलं. सांगणारा हसत होता. मीही थोडा हसलो.

मग तिचा फोन आला.

"सर, नाझिया बोलतेय. पेपर वाचला. तुम्ही मला माफ केलंत म्हणे."

मी ओटीचं दार लोटून घेतलं.

"मी तुमच्याविरुद्ध कुठे अवाक्षर काढलं नाही, सर. काढणारही नव्हते. गाण्याला पेटीचं नाव दिलं, कुणा माणसाचं नाही दिलं. मला तुमचं गाणं नको, तुमचा सत्कार नको. फक्त एकदा म्हणा की तुम्हाला आठवतंय."

"काय आठवायचं?"

"तीन नंबरची आहे का अजून?"

"कितीतरी पेट्या आल्या नि गेल्या, बाळ. आता कुठलं आठवायला."

"बरं," म्हणाली, "तब्येतीला जपा." आणि फोन ठेवला.

त्या चोरीच्या वेळी मी बेचाळीस वर्षांचा, ईर्ष्येने पेटलेला माणूस होतो. फोनवर मला ना ईर्ष्या होती ना घाई. तरीही मी तसंच केलं. मला वाटतं, यातलं सर्वांत वाईट तेच.

नाही. त्याहून वाईट एक आहे. फोन ठेवला आणि मी माळ्यावर चढलो. तीन नंबरची पेटी तिथेच होती, गोणपाटात गुंडाळलेली. खाली आणली, खोलली, मुकी रीड काढून नवी बसवली. घासून सुरात आणली. बरोबर अर्धा तास लागला. उद्या कुणी तपासायला आलं, तर त्या पेटीवर पंचम वाजायला हवा होता. मुलीला साडेतीन वर्षांत जे करून दिलं नाही, ते पुरावा पुसायला केलं. बायको म्हणाली, "आज कशी बाई आठवण झाली हिची?" मी म्हणालो, "असंच."

आठवड्याने दत्ताराम आला, मंडळाची दोन माणसं घेऊन. ते पोलिसांत अर्ज देणार होते. चाल चोरली, भावना दुखावल्या. अर्ज तयार होता, माझी सही हवी होती. आणि वकिलाने सांगितलं होतं म्हणून एक कागद वेगळा. दत्ताराम म्हणाला, "सर, ह्यात तुम्ही तुमच्या हाताने लिवा, चाल तुमाला कशी सुचली ती. कदी, कुठं, सगळा. म्हंजे पक्का होतंय."

चौदा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पंचमाचा अर्थ विचारला, भाव विचारला. कुठे बसला होतात, काय करत होतात, हे नाही. मी पेन घेतलं. सुरुवात खरी करावी, पुढचं जुळवता येईल, असा विचार केला. लिहिलं — 'आषाढ महिना होता. दुपारची वेळ. मी आतल्या खोलीत चहा पीत होतो.' आणि पुढे हात आपसूक गेला — 'बाहेर ओटीवर नाझिया पेटी वाजवत होती.'

पेन थांबलं. पुढे काय लिहायचं? ती वाजवत होती, तेव्हा मला सुचली? कागदावर चार वाक्यं होती आणि चारही खरी होती. पाचवं खोटं घालायला जागा सापडेना. तोंडाने मी काहीही बोलत आलो, पण हे त्या चार वाक्यांच्या खाली लिहायचं होतं. पाचवंही खरंच लिहिलं — 'चाल तिची आहे.'

दत्तारामने कागद वाचला. सोबतच्यांना म्हणाला, "तुमी जरा भाईर थांबा." ते गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, ह्ये काय लिवलात? खोडा. दुसरा कागद देतो. कोणी बघितला नाय."

"खरं आहे ते, दत्ता."

"खरा असंल. पण चौदा वर्षं आमी त्या चालीवर नाचलो. पोरांनी देवासमोर नाचली ती चाल. आता त्यांना काय सांगू? आणि सर," त्याचा आवाज चढला, "ती पोर तेव्हा तुमच्या वर्गात बोलली होती ना? माझा पुतन्या होता तिथं. घरी येऊन हसत सांगितलान. मीपन हसलो. तुमी तेव्हाच का नाय बोललात?"

त्याने सही न केलेला अर्ज फाडला, माझा कागद माझ्यासमोर ठेवला आणि गेला. जाताना नमस्कार केला नाही. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजिवड्याला गेलो. मनात काय होतं म्हणून विचाराल, तर पश्चात्ताप म्हणायला माझी जीभ वळत नाही. दत्ताराम आता कुणाला ना कुणाला सांगणारच, ही भीतीही होती. कुठलं किती होतं, ते मी वेगळं करून सांगू शकत नाही. करणारही नाही.

दार जैनबभाभीने उघडलं. काठी टेकत आली होती. मला बघून तिचा चेहरा आधी पडला, मग रीतीला जागून म्हणाली, "सर? या ना. बसा." पाणी आणायला वळली. मी नको म्हणालो. आत नाझिया बॅग भरत होती, मुंबईला निघायच्या तयारीत. बाहेर आली. सत्तावीस वर्षांची बाई. मी बसलो नाही. उभ्यानेच सुरुवात केली, "नाझिया, मी—"

"थांबा, सर." तिने मोबाईल काढला, मधल्या तिपाईवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. "आता बोला. आधी तुमचं नाव."

"नको गं," जैनबभाभी म्हणाली. "सर घरी आलेत. जाऊ दे ना."

"अम्मी, तू आत जा."

"नाही जात," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून खाली बसली.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. क्लास कुठे आहे ते सांगितलं. मग म्हणालो:

"जी चाल माझी म्हणून वाजते, ती नाझियाची आहे. तेरा वर्षांची असताना तिने माझ्या ओटीवर बांधली. मी भिंतीआडून ऐकली आणि माझ्या नावावर लावली. तिने वर्गात विचारलं, तेव्हा मी तिच्या धर्मावरून तिला हसलो, आणि पेटीवर हात ठेवायला लावून तिच्याकडून खोटं वदवून घेतलं. तिची आई माझ्याकडे आली. ती घाबरलेली आहे हे मला कळत होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. पेपरात मी तिला माफ केलं असं म्हणालो, ते खोटं होतं. मला काही आठवत नाही असं तिला फोनवर सांगितलं, तेही खोटं होतं. मला सगळं आठवत होतं. नाझिया, मी तुझी माफी मागतो. भाभी, तुमचीही."